दुसऱ्या पेटीतली लाल माती

७ ऑक्टोबर

भिंगाबाई,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर गाठतेय. काल तुझ्या बाबांनी सांगितलं, "ती झोपलीय." सकाळी अकरा वाजता! फील्डवर साडेपाचला माझं पांघरूण ओढणारी तू अकराला झोपलेली असशील तर मी नाव बदलीन. फोनमध्ये मागे घड्याळांची टिकटिक ऐकू येत होती. म्हणजे तू घड्याळांच्या दुकानातच होतीस, बाबांच्या शेजारच्या स्टुलावर, आणि त्यांच्याकडे बघून मानेनं नको नको करत होतीस. मला दिसलंच ते.

असो. परवा ऑनर्सचा समारंभ झाला. तू नव्हतीस म्हणून सांगते, काही चुकवलं नाहीस. तेच सभागृह, तोच खरखरणारा माईक, भिंतीवर तेच तीन शब्द: अभ्यास, नेतृत्व, सेवा. भूशास्त्राच्या मुलांतून दरवर्षी बारा जण निवडायचे, त्यांना या तिन्हींत तासून काढायचं आणि शेवटी एकाच्या गळ्यात पदक घालायचं. यंदा माझ्या गळ्यात घातलं. ऑनर्सचे सर भाषणात म्हणाले, "संकटात वस्तीच्या मदतीला सगळ्यांत आधी धावली ती." मी खाली बघत होते. आईनं पदक फ्रिजवर ठेवलंय, आल्यागेल्याला दिसेल असं.

तू म्हणायचीस ना, "अभ्यास मी करते, नेतृत्व तू कर पुढारीणबाई, आणि सेवा पाणीवाले मामा करतात, आपल्याला चहा पाजून." मामा गेले गं. तू घरी गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. वस्तीची नवी पाण्याची टाकी कलंडली तेव्हा ते व्हॉल्व्हपाशी होते, अकरा दिवस दवाखान्यात काढले बिचाऱ्यांनी. तुला कोणी कळवलं का नाही, मला माहीत नाही. मी कळवायला हवं होतं.

आता खरं बोलू? मला तुझा राग आलाय. टाकीच्या चौकशीत अध्यक्षांनी तुला सरळ विचारलं, "खडकाच्या नोंदी चुकीच्या निघाल्या, त्याखाली सही तुमची आहे. काही सांगायचंय?" तू माझ्याकडे बघितलंस. चांगलं मिनिटभर बघितलंस. आणि मग म्हणालीस, "सही माझी आहे. दुसरं काही नाही." अगं, तोंडाला काय कुलूप घातलं होतं? चार शब्द बोलायला काय झालं होतं? सहा महिने आपण त्या टेकडीवर राबलो. वस्तीच्या टाकीसाठी फुकटात जमीन तपासून दिली. तुझ्यासारखी नोंद आपल्या वर्गात कोणाची नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि तू मान खाली घालून निघून गेलीस.

ऑनर्समधून तुला काढलंय, पण विद्यापीठातून काढायचं का, ते पंधरा नोव्हेंबरच्या बैठकीत ठरणार आहे. तोवर अर्ज देता येतो. दे. मसुदा मी लिहिते, तू फक्त सही कर.

तुझी,
पुढारीण


१९ ऑक्टोबर

भिंग,

बारा दिवस झाले. पत्र पोचलंय, मला माहितीय, पोस्टमनला विचारलं. एवढा कसला ताठा?

शनिवारी वस्तीवर पाण्याचा टँकर घेऊन गेलो होतो. ऑनर्सच्या सेवेच्या तासांत ते धरणार आहेत, म्हणून यावेळी बाराच्या बारा जण हजर. म्हणजे अकरा. टाकी अजून तशीच कुशीवर पडलीय, भोवती दोरी बांधलीय. पायाखालची जमीन सरकलेली वरूनही दिसते, पायऱ्या पायऱ्या झाल्यात. मी तिकडे पाठ करून उभी राहिले आणि पाइप धरला.

रांगेत मामी होती, दोन कॅन घेऊन. मामांची बायको. मला ओळखलं तिनं. म्हणाली, "ती दुसरी कुठे गेली गं? गळ्यात काच अडकवणारी?"

"घरी गेलीय, मामी."

"बरी आहे ना? किती वाळली होती."

नवरा जाऊन तीन आठवडे झालेत आणि ही तुझी चौकशी करतेय. कॅन कधीच भरला होता, पाणी माझ्या बुटांवरून वाहत होतं, तेव्हा मागचा ओरडला, "अहो ताई, लक्ष कुठाय!"

एक गोष्ट आठवली म्हणून लिहिते. फेब्रुवारीत तू शेडमध्ये दुसऱ्या पेटीपाशी उकिडवी बसली होतीस. टेकडीला भोक पाडून ड्रिलनं काढलेले ते खडकाचे गोल लांब तुकडे. एक एक हातात घेऊन भिंगातून त्यांच्या तुटक्या कडा बघत होतीस. मी दारातून आत आले तर म्हणालीस, "अगं, हे जुळत नाहीये. याच्याखालचा तुकडा हा नव्हेच."

मी म्हणाले, "बरोबर आहे सगळं. मी स्वतः लावलीय पेटी, ड्रिलवाल्यांसमोर."

तू भिंग खाली सोडलंस. मग "बरं" म्हणालीस आणि नोंद लिहायला घेतलीस.

तुला आठवतंय का हे? नसेलही. मला वाटतं टेम्पोत पेटी हलली असणार. तो रस्ता काय कमी खड्ड्यांचा आहे? आणि ते ड्रिलवाले, एक विडी ओढतोय, दुसरा फोनवर. अर्जात तसं घालता येईल. वाहतुकीत तुकड्यांचा क्रम बदलला असण्याची शक्यता, वगैरे. त्यात कोणाचं नाव घ्यायला नको.

मसुदा सोबत आहे. सहीची जागा फुलीनं दाखवलीय.

पुढारीण


२ नोव्हेंबर

भिंग,

मसुदा फाडून टाक. मी खोटं लिहिलं होतं.

पेटी टेम्पोत हलली नाही. माझ्या हातून पडली.

थांब, सगळं सांगते, नाहीतर पुन्हा शेपूट घालीन. अकरा फेब्रुवारीची दुपार. टेम्पो शेडच्या दाराशी लागला होता. तू वर टेकडीवर भोकातल्या पाण्याची पातळी मोजत थांबली होतीस. शेडचे काका आतल्या खोलीची किल्ली आणायला गेले होते. नियम काय आहे? एका पेटीला दोन माणसं. पण तीन वाजता मला पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर बोलायचं होतं. विषय सांगू? 'नेतृत्व म्हणजे जबाबदारी.' हसू नकोस. किंवा हस.

तर मला घाई. पहिली पेटी टेम्पोवाल्याच्या मदतीनं आत ठेवली, मग तो पान खायला गेला. दुसरी मी एकटीनं उचलली. पाच ते दहा मीटर खोलीचा माल, पाच ओळी, वजन तुला माहितीय. पायरीवर पाय सटकला आणि सगळी टेकडी माझ्या पायाशी. तुकडे इकडे, खोली लिहिलेले लाकडी ठोकळे तिकडे. आणि तो लाल मातीचा गोळा, वीतभर होता ना, त्याची तीन शकलं.

दहा मिनिटांत भरली मी पेटी. काळा खडक सगळा सारखाच दिसतो, दिसेल तसा लावला. ठोकळे लावले. लाल माती शेवटच्या ओळीत होती असं मला वाटलं. वाटलं! म्हणून तिथे ठेवली, साडेनऊ मीटरपाशी. खरी कुठे होती, मला आजही माहीत नाही. काका आले, म्हणाले, "एकटीनं उचललीस?" मी म्हणाले, "त्यात काय!" आणि भाषणाला पळाले. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी तू विचारलंस आणि मी ते वाक्य फेकलं. तुझा माझ्यावर भरवसा होता, म्हणून तू 'बरं' म्हणालीस. तुझी नोंद वाचून टाकीच्या इंजिनियरांना वाटलं, पाच मीटरच्या खाली सलग साडेचार मीटर कातळ आहे. त्यांनी पाया पाचावर थांबवला. ती लाल माती मिळेल तितकं पाणी पिते आणि साबणासारखी होते, हे आपल्याला दुसऱ्या वर्षातच शिकवलंय. ती जर पायाच्या लगेच खाली असेल, आणि यंदा पाऊस किती झाला ते तू बघितलंस.

नोंदीच्या कागदावर दोन सह्यांची जागा असते. वर 'नोंद करणार', खाली 'पेटी लावणार'. खालची आपल्याकडे कोणी कधी करत नाही. मीही रिकामी ठेवली. म्हणून सगळं तुझ्यावर आलं.

तेव्हाच सांगितलं असतं तर काय झालं असतं गं? सर ओरडले असते. शेजारी अजून एक भोक पाडावं लागलं असतं, आठवडा गेला असता. बस्स. एवढ्यासाठी मामा गेले.

आणि चौकशीत तू माझ्याकडे बघितलंस, तेव्हा मी काय केलं आठवतंय? मला वाटलं तुला आधार हवाय. मी मान हलवली, हळूच, घाबरू नकोस अशी. धीर दिला मी तुला! लाज वाटते लिहिताना.

तेरा दिवस उरलेत. मी जाऊन सांगणार आहे. हे वाक्य तीनदा लिहून तीनदा खोडलंय, ही चौथी वेळ.


१३ नोव्हेंबर

भिंग,

आधी सरांकडे गेले. अकरा दिवस लागले मला जायला. त्यांनी ऐकून घेतलं, उठून दार लावलं, मला पाणी दिलं. मग म्हणाले, "बाळ, झाकली मूठ सव्वा लाखाची असते. फाईल बंद व्हायला आली. तिचं वर्ष गेलंय, आता तुझंही घालवायचं? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

मी म्हणाले, "सर, तिचं वर्ष नाही, तिची पदवी चाललीय."

"आणि तू म्हणतेस ते खरं कशावरून? मैत्रिणीसाठी कोणीही असं बोलेल. पुरावा काय?"

जिना उतरले, कँटीनमध्ये बसले, चहा गार झाला. आणि मग डोक्यात उजेड पडला. काखेत कळसा नि गावाला वळसा! पुरावा शेडमध्येच पडलाय की. तुटलेल्या कडा खोटं बोलत नाहीत, हे तूच म्हणायचीस.

काकांनी किल्ली काढली, पण दार उघडेनात. म्हणाले, "आत्ता आठवण झाली का? सोमवारी शेड रिकामी करायचीय, माल भरावाला जाणार." मी म्हणाले, "काका, दोन नंबरची पेटी पडली होती माझ्या हातून." त्यांनी पायरीकडे बघितलं. "पायरीचा टवका उडालाय ना," म्हणाले, "त्याच दिवसापासून." आणि दार उघडलं.

जमिनीवर पोतं पसरून सगळे तुकडे काढले. कड कडेला लावायची, फिरवायची, बसेपर्यंत. तुला दहा मिनिटं लागली असती, मला दोन तास लागले. पहिल्या ओळीतला चौथा तुकडा उलटा केला.

खालच्या अंगाला पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं: 'याखाली लाल माती.' पुढे तारीख. चोवीस सप्टेंबर. तुझा आठासारखा दिसणारा चार आणि मुंगीएवढी अक्षरं, ते मी अंधारातही ओळखीन. मग एकेक करत सगळे उलटवले. सगळ्यांवर नंबर होते, वरची दिशा दाखवणारा बाण होता. लाल माती साडेपाच मीटरवर होती. पायाखाली अर्धा मीटर कातळ, आणि लगेच ती.

चौकशीच्या दोन दिवस आधी तुला सगळं माहीत होतं.

मी काकांना विचारलं. ते दारात बसून होते. "आली होती ती," म्हणाले, "दुपारभर बसली. सगळं जोडलं, आणि मग होतं तसं चुकीचंच परत लावून ठेवलं. मी म्हटलं, अगं पोरी, जाऊन सांग की. तर म्हणाली, ज्यानं लावलंय तो सांगेल."

म्हणजे ते मिनिट माझं होतं. तू माझी वाट बघत होतीस, भरल्या खोलीत, सगळ्यांदेखत. आणि मी मान हलवली.

मला रडूही आलं नाही. काकांना म्हणाले, "पेटीला दुसरा हात लावता?" दोघांनी उचलून, जिन्यावर दोनदा टेकवून, ती अध्यक्षांच्या ऑफिसात नेली आणि टेबलावर ठेवली. कारकून ओरडला, "अहो, काचेवर!" काच तडकली थोडी. मी चार पानं लिहून नेली होती, ती पेटीवर ठेवली. काकांनी साक्षीची सही केली, वर म्हणाले, "मला खडकातलं काही कळत नाही, पण पायरीचा टवका दाखवतो."

पोच घेतलीय. त्याची नक्कल सोबत आहे. हे मी तुझ्यासाठी केलं असं म्हणायला जीभ रेटत नाही. तू दिलेलं मिनिट मी सात आठवड्यांनी वापरलं, एवढंच.


११ डिसेंबर

भिंग,

तुला काढायचा ठराव रद्द झाला, ते पत्र तुला मिळालंच असेल. तू परत येणार का, इथे कोणाला माहीत नाही. मी विचारत नाही.

मला दोन वर्षं बंदी. पुढचं पोलीस बघतील, दोनदा जबाब देऊन आले. पदक परत मागितलं. आईनं ते फ्रिजवरून काढून वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं आणि तिथली धूळ पुसली. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "जेवून घे." मला ते न बोलण्यापेक्षा जड गेलं.

मामीकडे गेले होते. हे सगळ्यांत आधी करायला हवं होतं, मी शेवटी केलं. माझं सगळं असंच. दारात कपडे पिळत बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं: पेटी पडली, मी मनानं लावली, विचारलं तेव्हा खोटं बोलले. तिनं हातातला शर्ट झटकला, दोरीवर टाकला, चिमटे लावले. मामांचाच असावा.

मग म्हणाली, "दोन पोरी येऊन गेल्या. दोघी म्हणतात, चूक माझी."

तू मामीकडे जाऊन आलीस हे मला तेव्हा कळलं. गेल्या महिन्यातच, मामी म्हणाली. बसनं आलीस, तासभर बसलीस. म्हणालीस, "जोडून बघायचं काम माझं होतं. मला दिसत होतं जुळत नाही म्हणून, तरी मी सही केली." माझं नावही घेतलं नाहीस. मी इतके दिवस समजत होते की गप्प राहून तू मला वाचवलंस. छे! तू तुझा भाग उचललास, माझा माझ्यासाठी तिथेच ठेवलास.

मी जायला वळले तेव्हा मामी म्हणाली, "एकीनं तरी तेव्हा सांगायचं होतं गं." ओरडली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "जाताना ते दोन कॅन भरून ठेव. नळ खालच्या गल्लीत आहे आता." मी भरून आणले. टेकडी चढताना चारदा थांबले. ती रोज चढते. आता मीही रोज जाते, सकाळी सातला. त्याचे तास कोणी धरत नाही. मामी दार उघडते, कॅन आत घेते, रिकामे बाहेर ठेवते.

आज सकाळी ऑफिसातून बोलावणं आलं. त्यांनी तुला कागद पाठवला होता म्हणे, त्या नोंदीवरची तुझी सही रद्द झाल्याचा, तू फक्त मान्य म्हणून परत पाठवायचा. तू तो परत पाठवलास. कारकुनानं माझ्यासमोर ठेवला. 'मान्य' च्या जागी तू लिहिलं होतंस: "सही माझीच आहे, ती खोडू नये. खालची जागा रिकामी आहे. ती भरून घ्यावी."

त्यांनी मूळ नोंद काढली. तुझी अक्षरं, तुझी सही, आणि तिच्याखाली ती कोरी रेघ. मी पेन उघडलं तर कारकून म्हणाला, "पेन्सिलीनं हो, खडकाच्या नोंदी पेन्सिलीनंच असतात ना?" आणि पेन्सिल दिली. मी नाव लिहिलं. तारीख घालताना विचारलं, "फेब्रुवारीची घालू का? पेटी तेव्हा लावली होती."

"नाही," म्हणाला, "सही केली त्या दिवसाची घालतात."

म्हणून आजची घातली. तुझ्या सहीच्या बरोबर खाली आहे, दहा महिने उशिराची. बघायला आलीस तर दिसेल.

पेटी लावणारी